सात उशा आणि एक घोंगडं

तर पहिली गोष्ट आधीच स्पष्ट करते, म्हणजे पुढे कुणी मला मध्येच अडवणार नाही: माझी आई त्या पलंगावर झोपलेली मी पाहिलेली नाही. न झोपलेलीही पाहिलेली नाही. मी पलीकडच्या खोलीत होते, मधलं दार लोटलेलं होतं, आणि माझ्या कानात हॉटेलनंच दिलेले मऊ बोळे होते, कारण शांतता हीसुद्धा तिथे एक सुविधा आहे आणि ती आपली आपण कानात घालून घ्यायची असते. इतकं साधं विधान आहे. पण गेले तीन आठवडे जो भेटतो तो... शेजारच्या काकू, आमच्या विभागातले शिपाईमामा, विट्याहून रोज फोन करणारा माझा धाकटा भाऊ इंद्रजित... प्रत्येकाचा एकच प्रश्न, "मग? झोपल्या का आई पलंगावर?" अहो, मी साताऱ्यात एकवीस वर्षं तर्कशास्त्र शिकवते. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणायचं नाही, एवढी एकच गोष्ट मी मुलांना मनापासून शिकवलेली आहे, बाकीचं ती गाईडमध्ये वाचतात. आता मीच उठून सांगू, की हो, झोपली?

तुम्ही म्हणाल, बाई, एवढ्या भारी हॉटेलात गेलात, दोन खोल्या आणि मध्ये दिवाणखाना असलेला अख्खा सूट घेतलात, आणि बोलताय कशाबद्दल, तर पलंगाबद्दल? दरीचं सांगा, जेवणाचं सांगा, त्या संगमरवरी टबाचं सांगा. सांगते. पण मुद्दा पलंगाचाच आहे. मी गेलेच होते पलंगासाठी.

माझी आई, अंजना. वय अडुसष्ट. आटपाडीकडच्या एका मुलींच्या वसतिगृहात ती एकतीस वर्षं मदतनीस होती. मदतनीस म्हणजे काय, तर सकाळी साठ मुली शाळेत गेल्या की मागे राहिलेल्या साठ खाटा लावायच्या. वर पांढरी चादर, कोपरे दुमडून आत खोचलेले, आणि रेक्टरबाई येऊन चादरीवरून तळहात फिरवणार, हाताला एक सुरकुती लागली की म्हणणार, "अंजनाबाई, ही परत." मी तिथेच वाढले, खाट क्रमांक चौदा. आणि आई कुठे झोपायची? दाराशी. फरशीवर, घोंगडं टाकून. आमचं घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं, आईचं लहानपण रानात मेंढरांच्या कडेला गेलेलं, त्यामुळे घोंगडं असलं की तिला घर असल्यासारखंच; तिला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मला वाटायचं. मी चौदा नंबरवरून खाली बघायचे आणि मनाशी म्हणायचे, एक दिवस हिला मी अशा पलंगावर झोपवीन जो हिनं लावलेला नाही. दुसऱ्या कुणीतरी लावलेला. दहा वर्षांची होते, पण अट बघा किती काटेकोर.

आता घरी पलंग नाही का? आहे की. इंद्रजित सोनं गाळायच्या, गलाईच्या धंद्यात, पंधरा वर्षं तिकडे तमिळनाडूत सेलमला होता, आता विट्यात घर बांधून परत आलाय. आल्या आल्या त्यानं आईसाठी सागवानी पलंग करून घेतला, उशाशी मोर कोरलेला. आणि आईनं त्या पलंगाचं काय केलं? कुरडया वाळत घातल्या. कुरडया झाल्या की मिरच्या, मिरच्या झाल्या की भुईमुगाच्या शेंगा, आणि ती स्वतः खाली, पलंगाच्या कडेला, घोंगड्यावर. इंद्रजित म्हणतो, "ताई, आगं पलंगाची राखण करती ती." तेव्हा मी निष्कर्ष काढला की घरचा पलंग उपयोगाचा नाही. पलंग परका हवा. जिथे शेंगा नाहीत, मिरच्या नाहीत, आणि हात लावला की कुणीतरी धावत येऊन म्हणेल, अहो तुम्ही कशाला. इंद्रजित म्हणाला, "न्हाई झोपायची. लिहून घे." मी म्हणाले, तूच लिहून दे. पैज अशी ठरली की आई पलंगावर झोपली तर त्यानं आमच्या 'आपली माणसं' या घरच्या ग्रुपवर लिहायचं: 'ताईचं बरोबर होतं.' तुम्हाला हसू येईल, पण हे वाक्य त्या मुलानं आजवर लिहिलेलं नाही, उच्चारलेलं नाही, आणि मला वाटतं विचारातही आणलेलं नाही.

आईला तयार कसं केलं, तेही सांगून टाकते, कारण त्यात माझ्यावर एक आरोप आहे. मी फोन केला, म्हटलं, "आई, महाबळेश्वरच्या अलीकडे डोंगरावर एक हॉटेल आहे, आपल्या दोघींसाठी सूट घेतलाय, दोन रात्रींचा." मग आई म्हणते, "किती हाय?" म्हटलं, "काय किती?" "आगं सूट. सूट किती हाय?" मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "सूट हाय म्हनतीस तर जाऊया की मग. सूट सोडू ने." आता बघा, मी पुल्लिंगी सूट म्हणाले आणि तिनं स्त्रीलिंगी सूट ऐकली. मी खोटं बोलले का? नाही. मी दुरुस्ती केली नाही. खोटं बोलणं आणि दुरुस्ती न करणं यांत फरक आहे, आणि तो मी दरवर्षी दुसऱ्या सत्रात सोदाहरण शिकवते. आमच्या इंग्रजीच्या बाई म्हणतात की त्या शब्दाचा खरा उच्चार 'स्वीट' असा आहे. तो केला असता तर आई डबा घेऊन आली असती.

तर पोचलो. काचेचं दार आपोआप उघडलं, आईनं उंबरा शोधला, उंबरा नाही, तरी तिनं चपला काढल्या आणि हातात धरल्या. समोर काउंटरवर एक मुलगी, छातीवर पट्टी, 'प्रांजल'. हात जोडून, मान तिरकी करून, पाठ केलेल्या गोड आवाजात, "वेलकम होम, मॅम. हे आपलं घरच समजा." मी म्हणाले, "नाही, घर समजायचं नाहीये आम्हाला. घर समजायचं असतं तर घरीच थांबलो असतो. आम्हाला हॉटेल समजू द्या." ती हसली. तिला वाटलं मॅम विनोदी आहेत. मी गंभीर होते. कारण माझ्या आईसमोर 'घरच समजा' म्हणणं म्हणजे तिच्या हातात केरसुणी देणं, हे त्या मुलीला कसं कळणार?

आईनं तोवर चौकशी सुरू केलेली. "कुठली गं तू?" "मी सांगलीची, मॅम." "सांगलीत कुठली?" "म्हणजे... तासगाव साइडला." "तासगावात कुठली?" "सावळज." "मग आसं सांग की. सावळजात कुनाची?" आणि पाच मिनिटांत त्या मुलीची मान सरळ झाली, मॅमची आत्या झाली, आणि ती आईला सांगत होती, "आत्या, आवं चपला घाला की, फरशी लय गार हाय हितली."

सूट. काय सांगू तुम्हाला... दिवाणखान्यात सोफा, सोफ्यावर उशा, न्हाणीघरात फोन. न्हाणीघरात फोन कशासाठी? तिथून कुणाला करायचा? दोन खोल्या, प्रत्येकीत एक पलंग, पलंग म्हणजे अंगण, आणि प्रत्येकावर सात उशा, उतरत्या क्रमानं, मागच्या दोन माझ्या छातीपर्यंत येतील अशा. आई बघत राहिली. म्हणाली, "सात जनं झोपत्यात व्हय ह्याच्यावर?" म्हटलं, एकट्यानं झोपायचं. म्हणाली, "मग बाकीच्या सहा कुनाची वाट बघत्यात?"

आणि दिवाणखान्याच्या मोठ्या भिंतीवर, वरून खास दिवा सोडून, लाकडी पट्टीला अडकवलेलं... घोंगडं. काळं, किनारीला पांढरा पट्टा. खाली पितळी पाटी, त्यावर इंग्रजीत काहीतरी 'स्मृती' वगैरे. आई थबकली. हातातल्या चपला खाली ठेवल्या. अगदी हळू आवाजात मला म्हणाली, "कोन वारलं गं ह्यांच्यात?"

"कुणी नाही, आई. का?"

"भितीला लावलंय, वर दिवा सोडलाय, खाली नाव घातलंय."

मी समजावलं की ही सजावट आहे, कला आहे. तिनं जवळ जाऊन दोन बोटांनी कापडाची कड चोळली. "खळ हाय की आजून. चिंचोक्याची खळ तशीच हाय, कडक. कुनी आंगाखाली घेतलंच न्हाई ह्ये कवा." आणि हे ती ज्या आवाजात म्हणाली ना, तो आवाज तुम्ही ऐकायला हवा होता. एखाद्या मुलीला शिकू दिलं नाही, असं सांगताना माणसं ज्या आवाजात बोलतात तो.

असो. मी मात्र उपभोग घेतला. हो, घेतला, आणि त्याबद्दल मला कणभर अपराधी वाटत नाही. टबात तासभर पडून राहिले. त्यांच्या पांढऱ्या सपाता घातल्या, त्यांचा तो पंच्यासारखा झगा घातला, गॅलरीत बसून दरी बघितली. थालीपीठ मागवलं, ताटाएवढ्या बशीत तळहाताएवढं थालीपीठ आलं आणि शेजारी चटणीचे तीन ठिपके, जणू वाक्य अर्धवट सोडलंय. आई म्हणाली, "हे चव बघायला दिलंय का? पसंत पडलं की मोठं आनत्यात?" मी तेही खाल्लं. मान वर करून खाल्लं. माझ्या आयुष्यात मी जे जे घेतलं ते अर्ज करून, कारण देऊन, प्रमाणपत्र जोडून घेतलेलं आहे. एकदा विनाकारण काही घेऊन बघायचं होतं. आईला तिच्या खोलीत नेलं, पलंग दाखवला, म्हटलं, "हा तुझा. तू लावलेला नाहीस. झोपायचं." ती म्हणाली, "बरं." एवढंच. 'बरं' हा होकार आहे की नाही, यावर एक स्वतंत्र निबंध होऊ शकेल.

सकाळी सहाला उठले, बोळे काढले, तिच्या खोलीत गेले. पलंग? जसाच्या तसा. एक सुरकुती नाही. सात उशा उतरत्या क्रमानं. आई गॅलरीत उन्हाला पाय पसरून, किटलीचा चहा स्वतः करून पीत बसलेली.

"झोपलीस का?"

"झोपले की."

"कुठे?"

"हितंच."

"हितंच म्हणजे कुठे?"

"आगं हितंच की. आता हाटेल सोडून कुठं जानार हाय मी?"

मी चादरीवरून तळहात फिरवला. तुम्हाला सांगते, रेक्टरबाईंच्या अगदी त्याच पद्धतीनं फिरवला, आणि तो फिरवताना मला माझी थोडी लाज वाटली. पण पुरावा म्हणजे पुरावा. आता अनुमान काय काढणार? पलंग निर्व्यंग, म्हणजे आई झोपलीच नाही? की आई झोपली, पाचला उठली, आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं असा लावला की झोपल्याची खूण राहू नये? दोन्ही शक्यता तुल्यबळ. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या झोपेच्या खुणा पुसल्या, तिच्या स्वतःच्या झोपेचा पुरावा मागायचा कुठे? मी पाहिलेलं नाही.

मग न्हाणीघरात गेले, तर टब घासलेला. पंचे धुऊन दोरीवर. दोरी कुठून आली? झग्याचा पट्टा. "आई, हे काय?" "ती पोरगीच म्हनली की, घर समजा म्हनून."

दहाला बेल वाजली. ढकलगाडी घेऊन नूरजहां, खोल्या आवरणारी बाई, कराडची, पन्नाशीच्या आसपास, कमरेला कंबरदुखीचा पट्टा बांधलेला. आत आली, पलंग बघितला, न्हाणीघर बघितलं, आणि कपाळाला हात. "या अल्ला. आवं मावशी, ह्ये कुनी केलं? मला काय ठेवलं तुमी?"

आई म्हणाली, "बस की वाईच. चा घे."

"चा नगं. पलंगावर झोपला न्हाई व्हय?"

बघा, तिचाही तोच प्रश्न. आई म्हणाली, "झोपले, उठले, लावला." नूरजहां वाकली, गादीचा कोपरा उचलून बघितला, आणि तिचा चेहरा बदलला. "ह्यो कोपरा आमचा न्हवं. आमी आसा घालत न्हाई. ह्यो कुठला?" आई म्हणाली, "वसतिगृहाचा." आणि मग माझ्या त्या सूटमध्ये, जिथे मी आईला विश्रांतीसाठी आणलं होतं, तिथे दोन बायका पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहून अर्धा तास कोपरे घालत होत्या. उकलायचा, घालायचा. "आसं न्हवं, आसं." "आवं मावशी, त्येनं कड सुटती." "सुटंल कशी? एकतीस वर्सांत सुटली न्हाई." मी झगा घालून मध्ये उभी. म्हणाले, "आई, पुरे. मला निदान मदत तरी करू दे." आई माझ्याकडे न बघताच, "तू गप बस. तुला कोपरा तरी येतो का?" नाही येत. पीएच.डी. आहे, कोपरा येत नाही.

तेव्हा मात्र माझा संयम सुटला. मी म्हणाले, "आई, मी तुला कशासाठी आणलंय? एकदा, आयुष्यात एकदा, दुसऱ्यानं लावलेल्या पलंगावर झोप ना. एवढंच मागतेय."

आई थांबली. हातात चादरीचं टोक तसंच. "दुसऱ्यानं म्हंजे कुनी?" म्हणाली. "हिनंच ना? हिच्या कमरंचा पट्टा बघितलास का? मी झोपायचं, मी चुरगाळायचं, आन हिनं वाकायचं. मला वाकायचं म्हंजे काय ते ठावं हाय. तुला न्हाई."

पस्तीस वर्षं जपलेली माझी अट, आणि त्या अटीत 'दुसरं कुणीतरी' हे जे पद होतं, त्याची मी कधी व्याख्याच केली नव्हती. माझ्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी गुण कापले असते.

पण नूरजहां ऐकून घेणारी नव्हती. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्ये बघा मावशी, माझ्या कमरंची काळजी मला. तुमी पलंग वापरला न्हाई, तर वरनं इचारत्यात, नूरजहां, त्या खोलीत काम नव्हतं म्हनं, मग उद्या येऊ नगंस. चुरगाळलेला पलंग बघितला की मला बरं वाटतंय. झोपा गुमान. आन उशा पन वापरा सगळ्या."

आई विचारात पडली. मग म्हणाली, "बरं."

पुन्हा 'बरं'.

दुपारी पुढचा प्रसंग. मी दरीकडे तोंड करून आरामखुर्चीत, उपभोग घेत. दारात मॅनेजर. सयाजी नाव, तिशीचा, कोट, चकाकते बूट, इंग्रजी मिसळलेली मराठी, "मॅम, सॉरी टु डिस्टर्ब, एक छोटंसं व्हेरिफिकेशन होतं. लॉनवरून आपल्या रेलिंगवर काहीतरी... आणि वॉलवरची आर्टवर्क..." मी वळून बघितलं. भिंत रिकामी. दिवा रिकाम्या भिंतीवर, पितळी पाटी जागेवर, आणि घोंगडं गॅलरीच्या कठड्यावर उन्हात पसरलेलं.

मी उठले. अहो, मी असल्या प्रसंगासाठी एकवीस वर्षं तयारी केलेली आहे. म्हणाले, "सयाजीराव, तुमच्या माणसांनी आम्हाला दारातच सांगितलं की हे घरच समजा. ते विधान खरं होतं की खोटं? खरं असेल तर घरातलं घोंगडं उन्हात घालणं हा घरच्या माणसाचा अधिकार आहे. खोटं असेल तर तुम्ही ते प्रत्येक पाहुण्याला का ऐकवता?" त्यानं खिशातून रुमाल काढला. आई आतून आली, म्हणाली, "कसर लागली हुती. एका कडंला भोकं पाडल्यात बघा. टांगून ठिवल्यावर लागनारच." आणि तिनं घोंगडं उचललं, दोनदा झटकलं, दिवाणखान्याच्या मधोमध अंथरलं, आणि त्याला म्हणाली, "या, बसा."

तो म्हणाला, "नो नो, मॅम, ड्यूटीवर..."

"बसा वो. घोंगडं आंथरल्यावर हुबं ऱ्हाऊ ने." आणि तो बूट घातलेला पाय पुढे टाकणार, तेवढ्यात, "पायतान काढा आधी."

तर तो खाली बसला, बूट सोडले, आणि घोंगड्यावर मांडी घातली. मांडी घालताच त्या मुलाचा कोट एकदम उसना आणल्यासारखा दिसायला लागला. आईनं चहा दिला. तो हातानं ते कापड चाचपत होता. म्हणाला, "आमच्या आज्याचं हुतं आसंच. जतला. मला त्यात गुंडाळून न्यायचा शेतावर." मग थोड्या वेळानं, "त्ये आता कुठं हाय, कुनाला ठावं." आई म्हणाली, "शोधा. आसंल." तो बूट घालून दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "आजी, ऱ्हाऊ द्या ते खालीच, तुमी जाईपर्यंत. घरच समजा." आणि या वेळी मी आक्षेप घेतला नाही.

आता तिसरा दिवस, शेवटची सकाळ. नीट ऐका, कारण सगळा पुरावा इथे आहे. मी सहाला जागी झाले ते ऊब लागून. तिथला एसी मला बंद करता येत नव्हता, रिमोटवर एकोणीस बटणं; पहिल्या रात्री मी कुडकुडले होते, पण हे मी आईजवळ बोलले नव्हते. आणि आज माझ्या अंगावर, त्यांच्या त्या मऊ दुलईच्याही वर, घोंगडं. गळ्यापर्यंत ओढलेलं, पायाकडून आत खोचलेलं. कोपरे घालून. वसतिगृहाचे.

मी तशीच पडून राहिले, थोडा वेळ. किती, ते सांगणार नाही.

मग विचार सुरू झाला. घोंगडं माझ्या अंगावर, म्हणजे आई घोंगड्यावर झोपलेली नाही. घोंगड्यावाचून ती फरशीवर झोपत नाही. म्हणजे पलंगावर झोपली. सिद्ध. मी उठले, धावत तिच्या खोलीत गेले, आणि काय... पलंग चुरगाळलेला. चादर विस्कटलेली, दुलई अर्धी खाली. इंद्रजितचं वाक्य माझ्या डोळ्यांपुढे टाइप होताना दिसायला लागलं. आणि तेवढ्यात मी उशा बघितल्या. सातही उशांवर, प्रत्येकीवर एकेक, नेटका खळगा.

सात उशा. एक डोकं.

हे झोपेनं होतं, की नूरजहांला दिलेल्या शब्दानं? आणि घोंगडं माझ्यावर कधी आलं? रात्री दहाला आलं असेल तर माझा युक्तिवाद टिकतो. पहाटे पाचला उठल्यावर आणून घातलं असेल तर सगळं कोसळतं. मी पाहिलेलं नाही. माझे डोळे मिटलेले होते आणि कानात बोळे. मी आईकडे वळले. ती पिशवी भरून, पदर खोवून, खुर्चीत बसलेली.

"आई, खरं सांग. कुठे झोपलीस?"

"हितंच."

"पलंगावर?"

"लय प्रश्न इचारतीस गं उत्कर्षा. तुझ्या पोरांचं कसं हुतं?"

नूरजहां आली. पलंग बघून तिचा चेहरा उजळला. "आता कसं." मी तिला बाजूला घेतलं, म्हटलं, तुम्ही रोज पन्नास पलंग बघता, तुम्ही सांगा, हा झोपलेला आहे की केलेला? तिनं वाकून चादर हुंगली, गादीवर हात दाबला, तिसऱ्या उशीवरून एक केस उचलला. लांब, पांढरा. "ह्यो बघा. झोपल्यात." मी तो केस उजेडात धरला. आणि मग आठवलं की आदल्या दुपारी, आई नूरजहांबरोबर खाली धोबीखाना बघायला गेली होती तेव्हा, आईचा पलंग कसा लागतो ते बघावं म्हणून मीच तिथे घटकाभर पडले होते. आणि पांढरे केस, मी रंगवत नाही.

निघताना आईनं घोंगडं स्वतः भिंतीला लावलं. सयाजी शिडी धरून उभा. तिनं त्याला बजावलं, "म्हैन्यातनं एकदा उन्हात घालत जा. आन टांगताना उलटी बाजू भाईर काढत जा, म्हंजे एकाच बाजूला दिव्याची झळ लागत न्हाई." मी मुद्दाम कड दोन बोटांनी चोळून बघितली. खळ मोडलेली होती. मऊ झालेलं. पण ते उन्हात पडलं होतं, त्याच्यावर मॅनेजर बसला होता, मी त्याच्याखाली झोपले होते. पुरावा म्हणून शून्य. काउंटरवर प्रांजलनं विचारलं, "आत्या, आवडलं का?" आई म्हणाली, "चांगलं हाय. झोप लागली." मी पुढे वाकले, म्हटलं, हिला विचार, कुठे. प्रांजलनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी बिल घेऊन गाडीत जाऊन बसले.

याला आता तीन आठवडे झाले. विट्याहून काल इंद्रजितचा फोन आला, आवाज जरा उतरलेला. "ताई, आईनं पलंगावरच्या शेंगा काढल्या. पोत्यात भरल्या."

"मग? झोपते का त्यावर?"

"काय म्हाईत. दार लावून घेती. सकाळी बघावं तर पलंग आसा, की बोट लावाय भ्या वाटतं."

"इंद्रजित, दार किलकिलं करून बघ ना एकदा."

"मी? तू बघितलंस का हाटेलात?"

मागून आईचा आवाज आला, "उत्कर्षा हाय का रं? तिला इचार, ती सूट परत कवा लागनार हाय." आणि रात्री जेवताना मोबाइल वाजला, तर 'आपली माणसं'वर इंद्रजित. एवढ्या वर्षांनी. लिहिलं होतं: 'ताईचं बरोबर असू शकतं.'

असू शकतं. मी ते वाक्य चार वेळा वाचलं, त्यात काही चूक सापडते का बघितलं. सापडली नाही. वर केलेल्या अंगठ्याचं चिन्ह पाठवलं आणि फोन उपडा ठेवला. आई झोपली, हे तिनंच सांगितलंय. कुठे, तर हितंच.